ज्याच्या अंगाला हात लावला गेला नाही

अस्पृश्यता ही हिंदू समाजव्यवस्थेची खास निर्मिती आहे. तिच्या पाठीशी धर्माची आज्ञा जशी उभी आहे तशी ती अन्यत्र नाही. म्हणून परदेशातले दाखले देताना आपण हात आखडता घेतो आणि ते योग्यही आहे. पण स्पर्शाचा विटाळ मानायला पोथीच लागते असे नाही. मेलबर्न शहरातल्या एका फुटबॉल क्लबात १९२७ साली जे घडले त्यात पोथी नव्हती, पुरोहित नव्हता. होती फक्त तेलाची बाटली आणि मालिश करायला नकार देणारे गोरे हात.

कार्लटन हा तिथला नामांकित क्लब. तिथे नशीब अजमावायला डग्लस निकोल्स नावाचा वीस वर्षांचा तरुण आला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पळण्यात वाऱ्याशी स्पर्धा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा अंगावर येणारा खेळ आहे. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर प्रत्येक बाजूचे अठरा गडी अंडाकृती चेंडूमागे धावतात. चेंडू फेकायचा नाही, लाथेने मारायचा किंवा मुठीने टोलवायचा. दोघेतिघे एकदम हवेत उडी घेऊन तो झेलतात आणि एकमेकांवर आदळतात. सामना चार डावांचा. म्हणून सामन्यापूर्वी आणि नंतर खेळाडूंचे अंग तेलाने रगडून घेतले जाते आणि त्यासाठी क्लबाची माणसे नेमलेली असतात. कार्लटनच्या या माणसांनी निकोल्सच्या अंगाला हात लावायचे नाकारले. कातडी काळी म्हणून. अंगाला वास येतो, अशीही तक्रार झाली. निकोल्स निघून गेला.

कोण होता हा तरुण? मरे नदीच्या काठी, न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत, कमरागंजा नावाची सरकारी राखीव वस्ती होती. योर्टा योर्टा लोकांची ही भूमी. गोऱ्यांनी ती बळकावली आणि मूळ मालकांना एका तुकड्यावर कोंडून शिधा देऊ लागले. ९ डिसेंबर १९०६ रोजी निकोल्स तिथे जन्मला. वस्तीवरच्या शाळेत अनेक वर्षे शिकविणारे शिक्षक थॉमस जेम्स हे मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे गृहस्थ होते. पुढे मूळ रहिवाशांच्या चळवळीत दिसलेली बरीच माणसे या शाळेच्या प्रभावातून घडली. एका खेड्यातल्या शाळामास्तराचा हात किती दूर पोहोचतो, हे आपल्या शिक्षक वाचकांनी ध्यानात ठेवावे. निकोल्सच्या वाट्याला मात्र जेमतेम तिसरीपर्यंतचे शिक्षण आले. त्याच्या डोळ्यांदेखत सोळा वर्षांच्या बहिणीला, हिल्डाला, पोलिसांनी उचलून नेले. काळ्या मुलींना गोऱ्यांच्या घरची मोलकरीण बनविण्यासाठी कूटामंड्रा गावी एक प्रशिक्षणगृह चालत असे. तिला तिथे टाकले. पुढे पोराने मेंढ्यांच्या कुरणांवर पडेल ते काम केले. लोकर कातरताना मेंढीला जखम झाली की तिच्यावर डांबर लावायचे, हे त्यातलेच एक काम.

कार्लटनने घालविल्यावर त्याला नॉर्थकोट या क्लबाने घेतले. हा क्लब व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन या दुय्यम संघटनेतला. इथे तो विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, असा काही खेळला की प्रेक्षक त्याला पाहायला येऊ लागले. १९२९ साली नॉर्थकोटने अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी त्याने वॉरक्नाबील आणि नाया या गावांच्या, बक्षिसाची रक्कम असलेल्या धावण्याच्या शर्यतीही जिंकल्या. १९३१ साली तो जिमी शार्मनच्या मुष्टियुद्धाच्या तंबूत शिरला. जत्रेत तंबू ठोकायचा, तंबूतल्या मल्लांना बाहेर उभे करायचे आणि गर्दीतल्या हौशींना आव्हान द्यायचे, असा तो धंदा. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द म्हटली की आज कोट्यवधींचे आकडे डोळ्यांपुढे येतात. त्या काळी वरच्या दर्जाच्या लीगनेही १९३० साली नियम करून एका सामन्याचा मोबदला तीन पौंडांवर बांधून टाकला होता. पाय चालत होते तोवर ते जिथे खपतील तिथे खपवायचे, एवढाच त्याचा व्यवसाय.

१९३२ मध्ये फिट्झरॉय या क्लबाने त्याला वरच्या लीगमध्ये आणले. तिथे तो १९३७ पर्यंत ५४ सामने खेळला. पहिल्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत तो एका कोपऱ्यात एकटाच बसला होता, असे सांगतात. तेव्हा हेडन बंटन उठून त्याच्यापाशी आला. बंटन हा त्या काळचा सर्वात गाजलेला खेळाडू. त्याने मैत्री जोडल्यावर बाकीच्यांचा संकोच गळाला. गोष्ट छान आहे आणि गोऱ्या लेखकांना ती फार आवडते. मला तिच्यात दुसरेही काही दिसते. खोलीतल्या एका थोर माणसाने उठून येईपर्यंत काळ्या माणसाने कोपऱ्यातच बसायचे, हा नियम तिथे सर्वांना न सांगता ठाऊक होता.

इथे आपल्याला बाळू पालवणकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्याच्या हिंदू संघात त्यांची गोलंदाजी हवी होती, त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्णांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना वेगळे बसवून मातीच्या भांड्यात चहा मिळे. कौशल्य घ्यायचे आणि माणूस बाहेर ठेवायचा.

१९३५ साली निकोल्सची व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवड झाली. असा मान मिळालेला तो पहिलाच मूळ रहिवासी. आता एक विसंगती पाहा. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे १२७ वे कलम सांगत होते की देशाची लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरू नये. म्हणजे हजारो लोक ज्याच्या नावाने ओरडत होते, तो त्या देशाच्या हिशेबात माणूस म्हणून मोजलाच जात नव्हता. हे कलम गेले १९६७ च्या सार्वमताने. नव्वद टक्क्यांहून अधिक मते बदलाच्या बाजूने पडली आणि त्या प्रचारात निकोल्स अग्रभागी होता.

कारण गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तो घरी बसला नाही. विल्यम कूपर हे कमरागंजाचेच वृद्ध कार्यकर्ते होते. त्यांनी या प्रसिद्ध खेळाडूला चळवळीत ओढले. २६ जानेवारी १९३८ रोजी इंग्रज उतरल्याला दीडशे वर्षे झाली म्हणून सिडनीत सोहळा चालू असताना मूळ रहिवाशांनी तिथेच शोकदिन पाळला. त्या सभेत निकोल्स बोलला. फेब्रुवारी १९३९ मध्ये अपुरा शिधा आणि व्यवस्थापकाची जुलमी वागणूक यांना कंटाळून कमरागंजाच्या दीडशे-दोनशे लोकांनी नदी ओलांडून वस्तीच सोडली. पुढे तो फिट्झरॉयमध्ये आपल्याच लोकांचा पाद्री झाला. १९५७ साली तो वॉरबर्टन पर्वतराजीत गेला. ब्रिटनच्या अणुस्फोटांसाठी आणि क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाच्या आसपासचे भुकेले, आजारी लोक तिथे चित्रित करण्यात आले आणि ती फिल्म सभासभांतून दाखवली गेली. लेक टायर्सची वस्ती मोडण्याचा घाट सरकारने घातला तेव्हा १९६३ साली त्याने सरकारी कल्याण मंडळाचा राजीनामा फेकला.

त्याचा शेवट मात्र आपल्या कार्यकर्त्यांना अस्वस्थ करील. १९७२ साली तो 'सर' झाला आणि डिसेंबर १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल. आजारपणामुळे चार-पाच महिन्यांतच त्याला पद सोडावे लागले. ब्लॅक पॉवरच्या विचाराने पेटलेल्या तरुणांना साठीतला हा सौम्य पाद्री आधीच जुना वाटू लागला होता. राणीच्या हातून पदवी घेणारा नेता कोणाचा, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. असे प्रश्न आपल्याकडेही विचारले जातात, आणि विचारलेच पाहिजेत. पण ज्याला तेल लावायला एक हात पुढे झाला नाही, तो माणूस राजभवनाच्या दारात उभा राहून शेकडो गोऱ्यांशी हस्तांदोलन करतो, यात त्याला स्वतःला काय वाटले असेल हे तरुणांनी त्याच्या जागी उभे राहून पाहायला हवे होते, असे मला वाटते. ४ जून १९८८ रोजी तो वारला.

त्यानंतरच्या खेळाडूंना मालिश करणारे हात मिळाले. पुढे प्रश्न आवाजाचा झाला. १७ एप्रिल १९९३ रोजी व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाचा निकी विनमार शिव्या घालणाऱ्या गर्दीसमोर उभा राहिला. त्याने अंगातला सदरा वर उचलला आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवले. लीगने वंशद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम केला तो १९९५ मध्ये, आणि तोही दुसऱ्या एका काळ्या खेळाडूने तक्रार लावून धरल्यावर. नियम खेळाडूंना लागला, प्रेक्षकांना लागला नाही.

सिडनीच्या ॲडम गुड्सला २००३ आणि २००६ अशा दोन वर्षी लीगमधला सर्वोच्च वैयक्तिक मान मिळाला. तो ३७२ सामने खेळला. मे २०१३ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलीने त्याला 'माकड' म्हटले. त्याने तिच्याकडे बोट दाखविले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले की दोष या पोरीचा नाही, तिला सांभाळून घ्या. २०१४ साली देशाने त्याला 'वर्षाचा ऑस्ट्रेलियन' ठरविले. २०१५ च्या मेमध्ये गोल केल्यावर त्याने आपल्या लोकांचे युद्धनृत्य केले. हुर्यो आधीपासूनच उडत होती, त्यानंतर ती मैदानामैदानांतून वाढली. चेंडू त्याच्या हाती आला रे आला की हजारो कंठ सुटत. त्या वर्षअखेर त्याने खेळ सोडला. निरोपाची फेरीही त्याने मारली नाही.

२०१६ पासून लीगची मूळ रहिवाशांसाठीची विशेष फेरी सर डग निकोल्स यांच्या नावाने खेळली जाते. सर्व अठरा क्लब त्या फेरीत भाग घेतात, कार्लटनही. २०१९ मध्ये लीगने आणि सर्व क्लबांनी गुड्सची माफी मागितली. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, खेळाच्या सन्मानदालनात त्याचे नाव घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. गुड्सने तो नाकारला.