समुद्राची तब्येत कशी तपासतात?

पाणी निळं दिसलं, की आपण लगेच म्हणतो, 'किती स्वच्छ!' पण नितळ पाण्यातही सांडपाण्यातले जंतू असू शकतात. उलट पावसाळ्यात झुआरी गढूळ होते, म्हणून ती आजारी आहे असं नाही. नदी गाळ आणणारच. मी साहित्याचा विद्यार्थी. पण तिसऱ्या आणि शिनाणे आमच्या ताटात येतात, तेव्हा हा प्रश्न माझाही आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्याच्या पाण्यासाठी निकष ठरवलेत. आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमागे 100 पेक्षा जास्त नकोत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम हवा. हे आकडे हवेतच. पण ते मुख्यतः सांगतात, माणसाने या पाण्यात उतरावं का. शिवाय बाटलीतला नमुना म्हणजे त्या क्षणाचा फोटो. भरतीला भरलेली बाटली एक सांगते, ओहोटीची दुसरंच.

म्हणून शास्त्रज्ञ तळाचा चिखलही चाळतात. त्यातले कृमी आणि शिंपले पळून जाऊ शकत नाहीत. महिनोन्‌महिने जे सोसलं, ते त्यांच्या वस्तीत दिसतं. सांडपाणी साचत गेलं, की नाजूक जाती नाहीशा होतात आणि कॅपिटेलासारख्या बारीक कृमींची गर्दी होते. जीव भरपूर, पण प्रकार मोजकेच, ही आजाराची खूण.

मात्र प्रत्येक बिघाड आपण केलेला नसतो. पावसाळ्यात खोल समुद्रातलं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडच्या उथळ तळावर सरकतं. वर गोड्या पाण्याचं झाकण असतं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळाशी ऑक्सिजन फार कमी होतो. हे मुळात निसर्गाचंच चक्र. त्यात आपली भर किती, हे एका मोजणीतून कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांची नोंद लागते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1997 पासून कांदोळीसमोर अशा नोंदी घेतेय, त्या याचसाठी मोलाच्या.

आमच्या जुन्या चर्चच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात, ते तुम्ही पाहिले असतील. तशा शिंपल्यांची जिवंत वस्ती झुआरीतल्या चिखलीच्या खाडीत आहे, आणि त्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा शिंपला वेचणाऱ्या हाताला अडवू शकतो, वरून येऊन बसणाऱ्या गाळाला नाही. तिथे पाण्याचे आकडे ठीक आले आणि शिंपले मात्र कमी होत गेले, तर मी शिंपल्यांवर विश्वास ठेवीन.

यापुढे 'पाणी शुद्ध आहे' अशी बातमी वाचली, तर चार प्रश्न विचारूया: नमुना कुठला? कधीचा? शुद्ध कुणासाठी? आणि तळाशी कोण जगतंय?