छातीचा भार कमी करणारी शस्त्रक्रिया : आधी आणि नंतर

(रेडिओवरील आरोग्यविषयक भाषणाचे संपादित रूप)

काही स्त्रियांची छाती बाकीच्या शरीराच्या मानाने फारच मोठी आणि जड असते. हा जिवावरचा रोग नव्हे, पण त्याचा त्रास मात्र खरा असतो. मान धरते, खांदे भरून येतात, पाठ दुखते. अंतर्वस्त्राचे पट्टे खांद्यात रुतून खोल वळ पडतात. कधी हाताच्या बोटांना मुंग्या येतात. उन्हाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, कातडी लाल होते, सोलवटते, खाज सुटते. तापीकाठच्या आपल्या नंदुरबार-शहाद्याकडचा एप्रिल-मे ज्यांनी काढला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यात आपल्याकडचे बाईचे काम वाकून करायचे. मिरची तोडणे, पथारीवर ती वाळवणे आणि निवडणे, निंदणी, उसाच्या मोळ्या बांधणे, डोक्यावर हंडा. छातीचा भार पुढे ओढत असताना ही कामे करणारी बाई रात्री पाठ टेकते, ती कण्हतच.

तरीही बहुतेक जणी हे दुखणे अंगावर काढतात. सांगायचे कोणाला, हा पहिला प्रश्न. आईजवळ बोलायचीसुद्धा लाज वाटते, मग डॉक्टरजवळ कशी बोलणार? दुखण्यावर गोळ्या आणि खाजेवर मलम घेऊन दिवस ढकलले जातात. म्हणून आधी एवढे सांगतो, की या त्रासावर उपाय आहे. त्याला वैद्यकीय भाषेत 'रिडक्शन मॅमोप्लास्टी' म्हणतात, म्हणजेच स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया. ती प्लास्टिक सर्जन करतात.

प्लास्टिक सर्जरी म्हटले की नटनट्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. पण या शास्त्राचा मूळ उद्देश बिघडलेले अवयव पुन्हा कामाचे करणे हा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे आणि हात दुरुस्त करण्याचे काम याच शास्त्राच्या आधारे केले. स्तनांचा भार कमी करून पाठीला आराम देणे हेही त्याच पठडीतले काम आहे. त्यात चैन नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही.

शस्त्रक्रिया कोणाला, केव्हा?

मोठी छाती असलेल्या प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही. आधी साधे उपाय करून पाहावेत. मापाचे, रुंद पट्ट्यांचे आणि नीट आधार देणारे अंतर्वस्त्र, मानेचे व पाठीचे व्यायाम, घडीतल्या बुरशीवर योग्य औषध आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणे. एवढ्याने काहींचे भागते. हे करूनही त्रास हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

वयात येताना काही मुलींचे स्तन थोड्या काळात फार वाढतात. अशा वेळी वाढ पूर्ण थांबेपर्यंत सहसा वाट पाहतात, नाहीतर पुन्हा वाढ होऊन शस्त्रक्रिया वाया जाण्याची भीती असते. बाळंतीण अंगावर पाजत असेल, तर दूध बंद होऊन काही महिने गेल्यावर आणि आकार स्थिर झाल्यावरच हा निर्णय घ्यावा. वजनही स्थिर हवे. नंतर वजन बरेच वाढले किंवा दिवस राहिले, तर स्तन पुन्हा मोठे होऊ शकतात.

लग्न व्हायचे असलेल्या मुलीच्या घरी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, पुढे बाळाला दूध पाजता येईल का? याचे प्रामाणिक उत्तर असे : अनेकींना येते, काहींना कमी येते, काहींना येत नाही. साधारणतः स्तनाग्र आतल्या ऊतींना आणि रक्तवाहिन्यांना जोडलेले ठेवूनच ते वर सरकवतात. त्यामुळे दूधवाहिन्या काही प्रमाणात शाबूत राहतात. पण स्तन अतिशय मोठे असतील, तर कधी स्तनाग्र पूर्ण सोडवून त्वचेसारखे पुन्हा बसवावे लागते. मग दूध पाजता येत नाही आणि तिथली संवेदनाही जाते. आपली शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने होणार, हे आधीच स्पष्ट विचारावे.

जाता जाता पुरुषांविषयी. मुलग्यांची आणि पुरुषांचीही छाती कधी वाढते. किशोरवयात ती बहुधा आपोआप उतरते. उतरली नाही तर तपासणी करून कारण शोधावे, त्यावरही शस्त्रक्रिया आहे.

आधीच्या तपासण्या

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेआधी एक तपासणी विसरू नये, ती सिकलसेलची. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत तो बराच आढळतो, इतरांतही असू शकतो. भूल दिलेल्या माणसाचे अंग गार पडले, पाणी कमी पडले किंवा प्राणवायू कमी मिळाला, तर या पेशी एकमेकींत अडकून रक्तप्रवाह तुंबतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्यासाठी हे धोक्याचे ठरते. जे केवळ वाहक आहेत, त्यांना सहसा भूल सोसते, पण भूलतज्ज्ञाला ते माहीत असलेच पाहिजे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासणी होऊन कार्ड मिळाले असेल, तर ते सोबत न्या. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला तुमचे गाव कोणत्या भागातले हे ठाऊक असेलच असे नाही. आपणहून सांगा.

रक्त कमी असणे ही दुसरी बाब. हिमोग्लोबिन कमी असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी आणि आधी रक्त भरून काढावे. मात्र सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

तिसरी बाब तंबाखूची. बायका विडी ओढत नाहीत म्हणून आपण निर्धास्त असतो, पण मशेरी आणि तपकीर घरोघर असते. दातांना लावलेल्या मशेरीतले निकोटिनही रक्तातच जाते. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या शस्त्रक्रियेत वर सरकवलेल्या स्तनाग्राचा जीव अशाच बारीक वाहिन्यांवर असतो. रक्त पोहोचले नाही तर कातडी किंवा स्तनाग्र काळे पडते. म्हणून निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू कोणत्याही रूपात नको. सर्जनने विचारले तर लपवू नये.

मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात हवेत. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे किंवा झाडपाल्याची औषधे चालू असतील तर सांगावीत, आणि काय बंद करायचे ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. चाळिशी उलटली असेल किंवा घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आधी मॅमोग्राफी करतात. एकच स्तन अचानक वाढला, गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले, तर तो या शस्त्रक्रियेचा विषय नाही. त्याची तपासणी आधी आणि तातडीने व्हायला हवी.

कुठे जावे, काय विचारावे?

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी आणि योग्य ठिकाणची चिठ्ठी जिल्हा रुग्णालयातून घ्यावी. प्लास्टिक सर्जरीचे विभाग मुंबईच्या जे. जे., के. ई. एम., सायन, नायर अशा मोठ्या रुग्णालयांत आहेत. आपल्याकडचे बरेच जण ताप्ती मार्गाच्या रेल्वेने सुरतेला किंवा रस्त्याने नाशिकला जातात. कुठेही जा, सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम. सीएच. किंवा डी. एन. बी. ही पदवी आहे का, हे पाहा. असे विचारण्याने डॉक्टरचा अपमान होत नाही.

पैशांचे आधी पक्के करा. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना पैसे देत नाही. म्हणून पाठदुखीवर, घडीतल्या जखमांवर घेतलेल्या उपचारांचे कागद जपून ठेवा, म्हणजे हा उपचार गरजेचा आहे हे दाखवता येते. सरकारी योजनेतून काय मिळेल, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी ते आपल्या भाषेत समजून घ्या. रुग्ण भिलोरी, पावरी किंवा अहिराणी बोलणारी असेल, तर दोन्ही भाषा जाणणारी एखादी बाई सोबत असावी. नवऱ्याला किंवा सासऱ्याला समजले म्हणजे तिला समजले, असे होत नाही.

शस्त्रक्रिया आणि तिचे धोके

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन ते चार तास चालते. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात, उरलेल्या भागाला आकार देतात आणि स्तनाग्र वर बसवतात. एका बाजूने काढलेले वजन काहीशे ग्रॅमपासून किलोपेक्षा जास्तही असू शकते. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात, तो अहवाल आवर्जून मागून घ्यावा. बहुतेक पद्धतींत स्तनाग्राभोवती एक, तिथून खाली एक आणि कित्येकदा खालच्या घडीत आडवा एक असे व्रण राहतात. ते आधी लाल असतात, वर्ष-दीड वर्षात फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. काहींच्या अंगाचा गुणच असा, की व्रण जाड होतो. तशी सवय असेल तर आधी सांगावे.

रक्त साचणे, जखमेत पू होणे, खालच्या टोकाशी टाके थोडे उसवणे, दोन्ही बाजूंत किंचित फरक राहणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, आत कठीण गोळा राहणे या गोष्टी घडू शकतात. बहुतेक उपचाराने किंवा काळाने निवळतात. संवेदना मात्र कधी कायमची कमी होते. स्तनाग्र गमावणे विरळा आहे, पण शक्य आहे.

घरी आल्यावर

रुग्णालयात एक-दोन दिवस राहावे लागते. खरी परीक्षा त्यानंतर घरी होते. चार-सहा दिवसांत बाई हिंडू-फिरू लागते, दुखणे कमी होते, आणि घरच्यांना वाटते ती बरी झाली. आतली जखम मात्र कच्ची असते. सहा आठवडे हंडा, सरपणाची मोळी, पोते यांपैकी काही उचलायचे नाही. कडेवर मूल घ्यायचे नाही, ते बसल्या जागी मांडीवर द्यावे. हात डोक्यावर ताणायचा नाही. भाकऱ्या थापणे, धुणे, विहिरीचे पाणी ओढणे ही कामे दुसऱ्याने करावीत. पुढेही सर्जनने तपासून मोकळीक दिल्यावर भार हळूहळू वाढवावा.

त्यामुळे वेळ विचार करून निवडावी. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे असेल, तर त्याच्या तोंडावर शस्त्रक्रिया करू नये. भर पावसात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरवाटा बंद झाल्या, तर तपासणीला जायचे कसे? ज्या दोन महिन्यांत घरात हाताखाली कोणी आहे, ते महिने निवडावेत.

पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालावे, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. उताणे झोपावे, पाठीशी उशी घ्यावी. सर्जनने दिलेले आधाराचे अंतर्वस्त्र सांगितले तितके आठवडे रात्रंदिवस घालावे. जखमेवर हळद, राख, पाला काही लावू नये. परतीचा प्रवास एस. टी.च्या मागच्या बाकावरून किंवा मोटारसायकलवरून नको. शस्त्रक्रिया कोणती झाली, टाके केव्हा काढायचे, औषधे कोणती, हे सर्जनकडून कागदावर घ्या. तो कागद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंना दाखवा, म्हणजे पट्टी बदलायला दर वेळी शहर गाठावे लागणार नाही.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नये. एक बाजू अचानक सुजून ताणली, स्तनाग्र निळे-काळे पडले, ताप आला, पू किंवा दुर्गंधी आली, पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. सिकलसेल असलेल्या बाईचे हाडे-सांधे फुटल्यासारखे दुखू लागले, तरीही तसेच करा.

शेवटचे सांगणे घरच्यांना, विशेषतः पुरुषांना आहे. एवढे केल्यावर बहुतेकींची मान-पाठ हलकी होते, घडीतल्या जखमा थांबतात, कामाचा हुरूप येतो. पण सर्जनचे काम तीन-चार तासांचे, घरच्यांचे दीड महिन्याचे. त्या दीड महिन्यात हंडा कोण भरणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ठरवा.