मुलं कुणाची वाढवायची?

कळमनुरीतल्या कॅथॉलिक मुलीचं लग्न प्रॉटेस्टंट मुलाशी ठरलं, की बैठक, हळद, मांडव सगळं इथंच होतं. मिश्र विवाहाच्या परवानगीचा एक अर्ज मात्र छत्रपती संभाजीनगरला बिशपांकडे जातो. हिंगोली जिल्हा 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो.

या अर्जाचं मूळ बरंच जुनं. कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेनं 1563 साली ठरवलं, की पॅरिशचा धर्मगुरू आणि साक्षीदार नसतील तर लग्न झालंच नाही. रोख होता चोरून लागणाऱ्या लग्नांवर. पण हा नियम जिथं जाहीर झाला तिथंच लागू होई, त्यामुळे एका मुलखात वैध असलेलं लग्न दुसऱ्या मुलखात अवैध.

अटी कॅथॉलिकच घालत होते असंही नाही. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीनं 1680 साली नियम केला: प्रॉटेस्टंटानं कॅथॉलिकाशी लग्न करायचं, तर मुलं प्रॉटेस्टंटच वाढवू असं दोघांनी आधी वचन द्यायचं. भांडण नवरानवरीपेक्षा पाळण्यावरूनच जास्त!

खरा जाच सुरू झाला 1908 च्या ईस्टरपासून. ‘ने तेमेरे’ या फर्मानानं, जर्मनी-हंगेरीसारखे अपवाद सोडले तर, प्रॉटेस्टंट पास्टरपुढं लागलेलं कॅथॉलिकाचं लग्न रद्दबातल ठरवलं. 1917 च्या धर्मसंहितेनं त्यावर बहिष्काराची शिक्षाही ठेवली. परवानगी मिळालीच, तर सगळी मुलं कॅथॉलिक करण्याची हमी दोघांनी द्यायची. आणि लग्न? वेदीपुढं नाही, देवळाबाहेर, मिस्साविना. नवरीला तिच्याच चर्चमध्ये असं परकं करण्यात कसली धर्मरक्षा झाली, कोण जाणे.

बहिष्कार 1966 मध्ये उठला. 1970 साली पोप पॉल सहावे यांनी वचन फक्त कॅथॉलिक जोडीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेही ‘शक्य ते सारं करीन’ एवढंच. 1983 च्या संहितेत तेच कायम राहिलं.

सरकारचा हिशेब निराळा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार परवानाधारक पास्टरनं रीतसर लावलेलं लग्न कोर्टात पक्कं. बिशपांची सूट नसेल तर चर्चच्या लेखी मात्र ते लग्नच नव्हे. उलट, चर्चनं रद्द ठरवलेलं लग्न कोर्टाच्या लेखी मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली मॉली जोसेफ खटल्यात स्पष्ट केलं.

तेव्हा मंगल कार्यालयाला इसार देण्याआधी फादरांना भेटा. पास्टरपुढं लग्न लावायचं असेल, तर मिश्र विवाहाची परवानगी वेगळी आणि विधीची सूट वेगळी. दोन्ही लेखी मागून घ्या.