वहिवाटीच्या वाटा

दगडी गडग्यातलं लाकडी फाटक ढकलता ढकलता माझी सहा वर्षांची नात थबकली. पलीकडे हिरवंगार कुरण, त्यात चरणाऱ्या मेंढ्या आणि गवतातून गेलेली एक पुसट पायवाट. "आजी, हे कुणाचं तरी शेत आहे ना? आपण विचारलं का त्यांना?" लेकीने तिला फाटकाच्या खांबावर ठोकलेली पिवळ्या बाणाची चकती दाखवली. हा बाण दिसला की विचारावं लागत नाही. जमीन शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची.

आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात. पाणंद अडवली, बांधावरून जाऊ देत नाहीत, अशा तक्रारी आजही १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे जातात. माझ्या वडिलांच्या तोंडी हे शब्द रोजचे होते. त्यामुळे इंग्लंडमध्ये लेकीकडे गेले असताना केझिकभोवतालच्या टेकड्यांत मुलांना घेऊन हिंडले, तेव्हा तिथलं सरोवर आणि डोंगर पाहून मन भरलंच. पण त्याहून जास्त मनात राहिल्या त्या वाटा आणि त्या उघड्या राहाव्यात म्हणून माणसांनी केलेला झगडा.

केझिक हे वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियातलं लहानसं बाजाराचं गाव. बाजार भरवण्याची राजाची सनद या गावाला १२७६ साली मिळाली. एका अंगाला डर्वंटवॉटर हे सरोवर, दुसऱ्या अंगाला ९३१ मीटर उंचीचा स्किडॉ. लेक डिस्ट्रिक्ट नावाचा हा सारा मुलूख १९५१पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१७ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला वाघ आणि तिकीटखिडकी आठवते. इथे मात्र उद्यानाच्या आतच गावं, शेतं, शाळा आहेत. गावाला रेल्वे नाही. लंडनहून येणारी गाडी पेनरिथला सोडायची आणि पुढे बस धरायची.

गावाच्या पाठीशी लॅट्रिग नावाची ३६८ मीटरची गोल माथ्याची टेकडी आहे. शेजारच्या स्किडॉपुढे ती पोरच वाटते, पण मला सगळ्यांत मोलाची वाटली ती हीच. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी आणि पाहुणे तिच्यावर चढत आले होते. १८८०च्या दशकात जमीनमालकांनी वाटा बंद केल्या, फाटकांना कुलपं लागली. गावात पायवाटांच्या रक्षणासाठी संघटना उभी राहिली. जवळच्या क्रॉस्थवेट चर्चचे पाद्री हार्डविक रॉन्सली तिच्या पाठीशी होते आणि हेन्री जेंकिन्सन हे प्रवासमार्गदर्शिका लिहिणारे गृहस्थ पुढे होते. १८८७च्या ऑगस्टअखेर लोकांनी सरोवराकाठच्या फॉ पार्कमधले अडसर काढून टाकले. मग १ ऑक्टोबरला सुमारे दोन हजार माणसं लॅट्रिगवर चढली. एवढ्याशा गावाच्या मानाने हा केवढा जमाव! प्रकरण कार्लाइलच्या न्यायालयात गेलं आणि १८८८ साली तडजोड झाली. लोकांनी काही वाटांवरचा हक्क सोडला, पण स्पूनी ग्रीन लेनवरून माथ्यावर जाणारी वाट कायमची सगळ्यांची झाली.

आम्ही चढलो ती हीच. गावाच्या कडेने निघून, हमरस्त्यावरचा पूल ओलांडून ती झाडीत शिरते, मग वळणं घेत उघड्या गवताळ पठारावर येते. मुलांच्या पावलांनी दोन तास धरावेत. घाई करू नये. वाटेत ओढे आहेत, पानं आहेत, मेंढीची लोकर तारेला अडकलेली असते आणि प्रत्येक गोष्टीपाशी मुलांना थांबायचंच असतं. माथ्यावर पोचलं की खाली केझिकची पाटीच्या दगडाची करडी छपरं, सरोवर आणि त्यामागे बॉरोडेलच्या खोऱ्याचे डोंगर एकदम समोर येतात. ज्यांच्याबरोबर बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची आहे त्यांनी टेकडीच्या मागच्या बाजूच्या वाहनतळापर्यंत गाडीने जावं. तिथून माथ्याकडे जाणारी वाट चाकांसाठी मुद्दाम नीट केलेली आहे. कुंपणावर चढून ओलांडायच्या लाकडी पायऱ्या ज्या वाटांवर मुळीच नाहीत, अशा वाटांची राष्ट्रीय उद्यानाने यादी केली आहे आणि सगळ्यांना जमणाऱ्या, बऱ्याच जणांना जमणाऱ्या, काहींनाच जमणाऱ्या अशी त्यांची प्रतवारीही लावली आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या यादीची किंमत कळते.

त्याच यादीत शोभणारी दुसरी वाट जुन्या रेल्वेची. पेनरिथहून केझिकला येणारी गाडी १९७२ साली बंद झाली आणि रुळांची जागा चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना मिळाली. केझिक ते थ्रेलकेल्ड, सुमारे पाच किलोमीटर, जवळजवळ सपाट. ग्रेटा नदी सारखी डावी-उजवीकडे होत राहते आणि आपण पुलांवरून तिला ओलांडत राहतो. डिसेंबर २०१५च्या डेस्मंड वादळात नदीने यातले दोन पूल वाहून नेले. नवे पूल बांधून, एक बुजवलेला बोगदा मोकळा करून वाट २०२०च्या डिसेंबरात पुन्हा खुली झाली. नातीला बोगदाच इतका आवडला की तिने त्यात तीन फेऱ्या मारल्या.

सरोवराच्या काठाने फिरायचं तर पूर्ण प्रदक्षिणा सोळा किलोमीटरांची होते. लहान मुलांना ती झेपायची नाही आणि करायची गरजही नाही. डर्वंटवॉटरवर लाँच चालते, काठावरच्या धक्क्यांना थांबत सरोवराला फेरी घालते. एका धक्क्यावर उतरावं, पाय चालतील तेवढं काठाने चालावं आणि पुढच्या धक्क्यावरून लाँच पकडून परत यावं. आमची आवडती चाल हॉझ एंड ते हाय ब्रँडलहाऊ. ओक आणि लार्चची झाडी, मुळांनी भरलेली वाट, डाव्या हाताला झाडांतून चमकणारं पाणी.

हे ब्रँडलहाऊचं रान १०८ एकरांचं. रॉन्सली, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर या तिघांनी १८९५ साली लोकांसाठी जमिनी घेऊन जपणारा नॅशनल ट्रस्ट स्थापन केला आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये ट्रस्टने विकत घेतलेली पहिली जमीन ती ही, १९०२ सालची. लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते. लॅट्रिगवरच्या लढ्याने शिकवलेली गोष्ट इथे कामाला आलेली दिसते. वाटेचा हक्क कोर्टात भांडून मिळतो, पण रानच्या रान वाचवायचं तर ते सगळ्यांच्या नावाने घेऊनच ठेवलेलं बरं. शंभर वर्षं झाली तेव्हा २००२ साली या झाडीत ओकच्या लाकडातून दोन अजस्र हात कोरून ठेवण्यात आले. ओंजळ धरावी तसे ते हात आहेत.

मुलांसाठी या किनाऱ्याला आणखी एक ओढ आहे. मुलांच्या सचित्र गोष्टी लिहिणारी बिआट्रिक्स पॉटर उन्हाळ्यात इथे येऊन राहत असे. १९०३ साली आलेल्या स्क्विरल नटकिनच्या गोष्टीतलं बेट म्हणजे सरोवरातलं सेंट हर्बर्ट्स आयलंड. बेंजामिन बनीच्या चित्रांसाठी तिने ज्या बागेत बसून रेखाटनं केली ती बाग फॉ पार्कची, म्हणजे १८८७ साली लोकांनी अडसर हटवले होते तीच जागा. पुढे ती इथल्या हर्डविक मेंढ्या पाळू लागली आणि १९४३ साली वारली तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन ट्रस्टला देऊन गेली. या मेंढ्यांची कोकरं काळीभोर जन्मतात आणि वयाबरोबर करडी होत जातात. उघड्या डोंगरावर कुंपण नसतानाही कळप आपापल्या रानातच राहतो, कारण कोकरू आईमागून हिंडताना ती हद्द शिकतं.

हॉझ एंडवरूनच कॅटबेल्सचा चढ सुरू होतो. लेक डिस्ट्रिक्टच्या २१४ डोंगरांची सात भागांत सचित्र मार्गदर्शिका लिहिणाऱ्या आल्फ्रेड वेनराइट यांनी या ४५१ मीटरच्या डोंगराला आजी आणि नातवंडांनी मिळून चढण्याजोगा म्हटलं आहे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दोन ठिकाणी खडकाला हात लावून चढावं लागतं आणि ओल असेल तर पाय घसरतो. नात चढून गेली. मी पहिल्या टप्प्यावर बसले आणि तिथूनही सरोवर पुरेसं सुंदर दिसत होतं. आठ-नऊ वर्षांपुढची मुलं असतील आणि दिवस कोरडा असेल तर जरूर जावं.

अगदी थोडं चालायचं असेल तर केझिकच्या धक्क्यापासून फ्रायर्स क्रॅगपर्यंतची पंधरा मिनिटांची वाट आहे. कलासमीक्षक जॉन रस्किन यांची बालपणीची पहिली आठवण याच खडकावरची, आणि त्यांचं स्मारकही इथे आहे. गावाच्या पूर्वेला कासलरिगचं दगडांचं वर्तुळ आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. तिकीट नाही, कठडा नाही, मेंढ्या दगडांना अंग घासत असतात.

पावसाबद्दल सांगायलाच हवं. बॉरोडेलमधल्या सीथवेटला वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला बारा महिने रेंगाळतो. म्हणून पाणी न शिरणारे बूट आणि मुलांसाठी कपड्यांचा जादा जोड सोबत हवाच. नारिंगी वेष्टनाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घ्यावा. त्यावर प्रत्येक सार्वजनिक पायवाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. फाटक जसं असेल तसं ठेवावं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. वसंतात कोकरं असतात, तेव्हा लांबून जावं.

आम्ही गेलो ते दिवाळीच्या आसपास. डोंगरउतारावरचं नेच्याचं रान तांबूस झालं होतं आणि साडेचारलाच सूर्य मावळत होता. शेवटच्या दिवशी पुन्हा लॅट्रिगवर गेलो, डब्यातल्या करंज्या माथ्यावरच्या बाकावर बसून खाल्ल्या. उतरताना झाडीत अंधारून आलं. खालच्या फाटकाशी नात पुढे धावली, आम्हा सगळ्यांना बाहेर येऊ दिलं, मग फाटक ओढून घेतलं आणि कडी नीट बसली की नाही ते हलवून पाहिलं.