शीख कुटुंबातील जीवन, मृत्यू आणि आचार

घरातील वडील मनुष्य वारले म्हणजे मुलांनी मुंडण करावयाचे, दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहावयाची आणि तेरवीला आप्तेष्टांस जेवू घालावयाचे, ही रीत विदर्भातील खेड्यांत इतकी अंगवळणी पडलेली आहे की, याहून निराळी रीत असू शकते हेच पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. अशा वर्गात नागपूर-कामठी रस्त्यावरील एखाद्या मालवाहतूकदार शीख कुटुंबातील मुलगा, आजोबांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, नेहमीसारखा पटका बांधून येऊन बसला, तर सोबती त्याला विचारणारच : "तुझ्या बाबांनी केस काढले नाहीत काय? आजोबा गेल्याचे तुम्हांला काहीच वाटले नाही काय?" प्रश्न निरागस असतो, पण तो मुलाला बोचतो. त्याचे उत्तर शिक्षकास देता आले पाहिजे.

शीख धर्माप्रमाणे केस हे ईश्वराने दिलेले आहेत. ते जसेच्या तसे राखणे हे जन्मभराचे व्रत असून मृत्यूच्या प्रसंगीही ते मोडावयाचे नसते. ज्याने खालसा दीक्षा घेतली आहे त्याच्या पार्थिव देहावरूनदेखील केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही पाच चिन्हे काढीत नाहीत. तेव्हा मुंडण न करणे हा दुःखाचा अभाव नव्हे, तर धर्माचे पालन होय.

यामागील विचार असा. गुरू नानकांच्या (1469–1539) शिकवणीत 'हुकूम' या शब्दाला फार मोठे स्थान आहे. जन्म आणि मृत्यू हे दोन्ही परमेश्वराच्या हुकुमाने घडतात. जीव अनेक योनींतून फिरतो, हे शीख मानतात. परंतु स्वर्ग मिळविणे हे त्यांचे ध्येय नाही. मनुष्यजन्म ही ईश्वराशी एकरूप होण्याची संधी आहे, आणि ती जिवंतपणीच साधावयाची आहे. मेलेल्याची गती त्याच्या मागे राहिलेल्यांनी केलेल्या विधींवर अवलंबून नसते. म्हणूनच 1945 साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मान्य केलेल्या 'सिख रहित मर्यादे'त मरणासन्न मनुष्यास खाटेवरून जमिनीवर उतरविणे, त्याच्या हातून गोदान करविणे, पिंडदान, श्राद्ध, छाती पिटून आक्रोश करणे, या गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. देहाला अग्नी द्यावा, रात्री निजण्यापूर्वी म्हणावयाचे 'सोहिला' हे स्तोत्र तेथे म्हणावे, रक्षा वाहत्या पाण्यात सोडावी अथवा तेथेच पुरून जमीन सारखी करावी. त्या जागी स्मारक उभारू नये. घरी किंवा गुरुद्वारात गुरू ग्रंथसाहिबाचे वाचन सुरू करतात. सोयीप्रमाणे, शक्यतो दहाव्या दिवशी, त्याची समाप्ती होते. मग सर्वांनी मिळून अरदास, म्हणजे प्रार्थना करावयाची. दुःख असते, डोळ्यांत पाणीही येते. परंतु तक्रार करावयाची नाही, अशी शिकवण आहे.

जन्मसाखी या चरित्रग्रंथांत हरिद्वारची एक कथा आहे. लोक पितरांसाठी सूर्याकडे तोंड करून पाणी देत होते. नानकांनी पाठ फिरवून उलट दिशेस ओंजळी टाकण्यास सुरुवात केली. लोकांनी कारण विचारले, तेव्हा पंजाबातील आपल्या शेताला पाणी देतो आहे, असे ते म्हणाले. इतक्या दूर ते कसे पोहोचेल, असे म्हणून लोक हसले. मग पितरांपर्यंत तरी कसे पोहोचते, असा नानकांचा प्रतिप्रश्न होता. कथा मुलांना आवडते; मात्र ती सांगताना शिक्षकाने जपून असावे. वर्गातील बहुतेकांच्या घरी तर्पण होत असते. एका मुलाची समजूत घालताना इतरांच्या वडिलांची थट्टा होऊ नये.

शीख धर्म हा परप्रांतीय, अशी मुलांची समजूत असते. ती दूर करण्यास पाठ्यपुस्तकातील नामदेव पुरेसे आहेत. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी जो ग्रंथ सिद्ध केला त्यात नामदेवांची 61 पदे समाविष्ट आहेत. पंजाबात घुमान येथे त्यांचे मोठे स्थान आहे. पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरीला नमस्कार करणारा वारकरी आणि ग्रंथसाहिबापुढे मस्तक टेकणारा शीख एकाच संताच्या वाणीला वंदन करतात. दुसरा दुवा नांदेडचा. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी 1708 साली तेथे देह ठेवला, आणि आपल्यानंतर कोणी मनुष्य गुरू न होता ग्रंथ हाच गुरू राहील असे सांगितले. तेथील सचखंड हजूर साहिबाची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधविली. आतील 'अंगीठा साहिब' ही गुरूंच्या दहनाची जागा मानतात. स्मारक नको, असे स्वतः गुरूंनीच सांगितले होते, अशी परंपरा शीखांतच आहे. तरी भक्तांना राहवले नाही. नियम आणि प्रेम यांची अशी ओढाताण सर्वच पंथांत दिसते. नांदेडच्या तख्तावरील काही जुन्या चालीरीती अमृतसरहून वेगळ्या आहेत, हेही लक्षात असावे.

मृत्यूनंतरचे विधी थोडे, म्हणून सारा भार जिवंतपणीच्या आचारावर पडतो. नाम जपावे, कष्टाने मिळवावे, वाटून खावे, ही त्याची तीन अंगे. तिसऱ्याचे दृश्य रूप म्हणजे लंगर. तेथे जात, धर्म वा श्रीमंती न पाहता सर्व एका पंगतीत जमिनीवर बसतात. नांदेडला शाळेची सहल नेल्यास मुलांनी डोके झाकून आत जावे आणि लंगरात जरूर बसावे. पानात मात्र काही टाकू नये.

शाळेतील व्यवहाराच्या काही गोष्टी. शीख मुलाचे केस ओढणे किंवा पटका उडविणे हा खोडकरपणा नसून त्याच्या धर्माचा अपमान आहे, हे वर्गाला आधीच सांगून ठेवावे. कवायतीच्या वेळी हातातील कडे काढावयास लावू नये. उवा झाल्या म्हणून केस कापण्याचा सल्ला देऊ नये. आईला बोलावून केस धुण्याविंचरण्याविषयी सांगावे. तंबाखू शीखांना निषिद्ध आहे. काही शिक्षक मुलांना पानठेल्यावरून तंबाखू आणावयास पाठवितात. शीख मुलाला तर पाठवूच नये, आणि खरे पाहता कोणत्याच मुलाला पाठवू नये.