एकच वालुकाश्म, दोन कामं: डेन्मार्कचा गासुम थर

संशोधन प्रस्तावात एक वाक्य हमखास दिसतं: "हा थर खोल आहे, सच्छिद्र आहे, म्हणून योग्य आहे." वाचायला बरं वाटतं. पण मुलाखतीत लगेच प्रश्न येतो, योग्य कशासाठी? आज हा प्रश्न एका खऱ्या खडकावर तपासून बघू.

खडक कसा आहे?

डेन्मार्कच्या पोटात गासुम नावाचा वालुकाश्म आहे. साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या शेवटी आणि जुरासिकच्या सुरुवातीला साचलेला. वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी आहे, पण समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट. ते पिण्याच्या किंवा शेतीच्या कामाचं नाही, म्हणून हा थर इतर कामांना मोकळा आहे.

इथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवा. सच्छिद्रता म्हणजे रिकामी जागा किती. पार्यता म्हणजे त्या जागांतून पाणी किती सहज वाहतं. थर्माकोलमध्ये पोकळ्या भरपूर, पण पाणी आरपार जात नाही; स्पंजमधून जातं. आपल्याला स्पंज हवा.

काम पहिलं: उष्णता

थिस्टेड या गावात 1984 पासून गासुममधलं पाणी घरं गरम करायला वापरलं जातं. खोली सुमारे 1250 मीटर, तापमान सुमारे 44 अंश. हा आकडा स्वतः पडताळा: जमिनीवर सरासरी 8 अंश धरा, दर किलोमीटरला 28-30 अंश वाढवा. जमतंय ना?

एका विहिरीतून पाणी वर येतं, उष्णता काढून घेतली की गार पाणी दुसऱ्या विहिरीतून त्याच थरात परत जातं. समजा, ताशी 100 घनमीटर पाणी 30 अंशांनी थंड केलं, तर सुमारे साडेतीन मेगावॅट उष्णता मिळते. म्हणजे खरा खेळ प्रवाहाचा. पार्यता कमी असेल तर पंपालाच इतकी वीज लागेल की हिशोब तोट्यात. शिवाय दोन विहिरी फार जवळ नकोत, नाहीतर गार पाणी लवकरच पहिल्या विहिरीत पोचेल.

काम दुसरं: गॅस साठवण

आता स्टेनलिले. थर तोच, खोली सुमारे 1500 मीटर. इथे 1989 पासून नैसर्गिक वायू साठवतात: उन्हाळ्यात भरायचा, हिवाळ्यात काढायचा. त्या खोलीवरच्या दाबाखाली गॅस साधारण दीडशेपट आकसतो, म्हणून थोड्या जागेत खूप मावतो.

पण गॅस पाण्यापेक्षा हलका, तो वर पळणारच. त्याला अडवायला दोन गोष्टी लागतात. एक, थराचा आकार उलट्या वाटीसारखा हवा. दोन, वर न झिरपणारा खडक हवा. स्टेनलिलेत घुमट आहे आणि त्यावर फ्येरित्सलेव्ह थराचा, सुमारे 300 मीटर जाडीचा चिकणमातीचा खडक आहे. भरलेल्या गॅसपैकी काही भाग कायम आतच ठेवावा लागतो. तो दाब टिकवतो आणि पाण्याला लांब ठेवतो.

फरक कुठे पडला?

उष्णतेसाठी घुमट लागत नाही, सपाट थरही चालतो. गॅससाठी तापमान गौण, झाकण महत्त्वाचं. उष्णतेत पाणी परत घातल्यामुळे दाब बराचसा संतुलित राहतो. गॅस भरताना मात्र तो वाढतो आणि पाणी बाजूला ढकललं जातं. म्हणून दोन्ही कामं शेजारी-शेजारी करायची असतील, तर एकाचा दाब दुसऱ्याच्या विहिरीत दिसू शकतो. अशा ठिकाणी दाबाचं प्रारूप दोन्ही कामं एकत्र धरूनच करावं लागतं.

आणि तोच थर म्हणजे तेच यश, असंही नाही. सोंडरबोर्गला 2013 मध्ये याच गासुमवर उष्णतेचा प्रकल्प सुरू झाला, पण पाणी परत घालणाऱ्या विहिरीनेच त्रास दिला. बारीक कण किंवा खनिजं साचून फटी बुजल्या, तर कागदावरची पार्यता कामाला येत नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी

"योग्य" लिहिण्याआधी चार ओळी लिहून काढा: काम कोणतं, त्याला कोणता गुणधर्म लागतो, तो कुठे मोजलाय, आणि किती विहिरींत. हे आकडे दख्खनच्या बेसॉल्टवर तसेच लावू नका. तिथली मोकळी जागा कणांमधली नाही, भेगांची आणि वायूच्या पोकळ्यांची आहे. खडक बदलला की प्रश्नही नव्याने मांडावा लागतो.