डांबरगोळ्या, बाळाची कावीळ आणि एक एन्झाइम

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं, त्यांच्यासाठी ही नेहमीसारखी लिखित आवृत्ती. बोलताना झालेले "म्हणजे"आणि "अॅक्चुअली" थोडे कमी केलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय पेशीतल्या केमिकल रस्त्यांचा, म्हणजे बायोकेमिकल पाथवेजचा. बारावीत आपण सगळ्यांनी ते बाणांचे चार्ट पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरलो. मीसुद्धा. पुढे बीटेक, मग कोडिंग. पेशीचा आणि माझा संबंध संपला होता. तो परत आला माझ्या भाच्यामुळे.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं. आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, त्यातली झबली, टोपडी, मऊ दुपटी बाहेर आली. सगळ्याला डांबरगोळ्यांचा तो ओळखीचा वास. आईनं थोडं ऊन दाखवलं आणि बाळाला घातलं. पाचव्या दिवशी बाळ पिवळंधमक. नीट दूध ओढेना. डॉक्टरांकडे नेलं, बिलिरुबिन खूप वाढलेलं, लगेच निळ्या लाइटखाली ठेवलं. आणि डॉक्टरांनी विचारलं, "घरात डांबरगोळ्या वापरता का? बाळाचे कपडे कशात ठेवले होते?"

आईचा चेहरा उतरला. नंतर कॉरिडॉरमध्ये ती मला हळूच म्हणाली, "अरे, याच पेटीतले कपडे तू घातलेस, ताईनं घातले. तुम्हाला कुठे काय झालं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तेच कपडे, तोच वास, मग याच बाळाला का? त्याचं उत्तर एका एन्झाइममध्ये आहे. नाव लांबलचक आहे: ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. सगळे जी-सिक्स-पीडी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

लाल पेशीत काय चालतं?

आपली लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी जास्तीत जास्त जागा हवी, म्हणून तिनं बाकी सामान टाकून दिलेलं असतं. केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. केंद्रक नाही म्हणजे नवीन एन्झाइम बनवता येत नाही. जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर १२० दिवस काढायचे.

तिचं इंधन फक्त ग्लुकोज. ग्लुकोज आत आलं की त्याला एक फॉस्फेट चिकटवला जातो. आता ते पेशीबाहेर सटकू शकत नाही. इथून दोन मुख्य रस्ते फुटतात.

पहिला रस्ता ग्लायकोलिसिस. एकूण दहा पायऱ्या, आणि एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी. त्यावर पेशीचे पंप चालतात, तिचा आकार टिकतो.

दुसरा रस्ता पेंटोज फॉस्फेट पाथवे. यात एटीपी मिळत नाही, मिळतो एनएडीपीएच नावाचा रेणू. या रस्त्याच्या तोंडाशी जो उभा आहे, तो आपला जी-सिक्स-पीडी.

एनएडीपीएच कशाला हवा? लाल पेशीत लोह आहे आणि ऑक्सिजनही ठासून भरलाय. लोखंड आणि हवा एकत्र आले की गंज चढतो, हे पावसाळ्यात गेटकडे बघून कळतंच. पेशीतही हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे त्रासदायक रेणू सतत तयार होतात. ग्लुटाथायोन त्यांचं पाणी करून टाकतं, पण तसं करताना ते स्वतः वापरलं जातं. त्याला परत कामाला लावतो एनएडीपीएच. म्हणजे साखळी अशी: जी-सिक्स-पीडीमुळे एनएडीपीएच, त्यामुळे ग्लुटाथायोन ताजं, आणि त्यामुळे पेशी सुरक्षित.

आता महत्त्वाचा मुद्दा. शरीरातल्या इतर पेशींकडे एनएडीपीएच बनवायचे आणखी मार्ग असतात. लाल पेशीकडे हा एकच. म्हणून जी-सिक्स-पीडी कमी असला की पहिला फटका रक्ताला बसतो.

मग एरवी काहीच का कळत नाही?

कारण एरवी या दुसऱ्या रस्त्यावर गर्दीच नसते. एनएडीपीएच पुरेसा असेल तर जी-सिक्स-पीडी हळू चालतो. एनएडीपीएच खर्च झाला की त्याचा वेग आपोआप वाढतो. जितकी मागणी, तितका पुरवठा. ज्याच्याकडे एन्झाइम कमी आहे त्याचंही रोजचं काम भागतं. तो शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, कुणाला पत्ता नसतो. अडचण येते ती अचानक लोड आल्यावर.

डांबरगोळीतलं नॅप्थलीन हा असाच लोड. श्वासातून, त्वचेतून ते शरीरात जातं आणि त्याचे जे पदार्थ बनतात ते लाल पेशीवर तुटून पडतात. माझ्या पेशींनी एनएडीपीएच वाढवून निभावून नेलं असणार. भाच्याच्या पेशींना ते जमलं नाही. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन बिघडून गुठळ्या झाल्या, पेशी फुटल्या. फुटलेल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि नवजात बाळाचं यकृत अजून शिकाऊ. म्हणून कावीळ. बिलिरुबिन फारच वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर एवढी घाई करतात. निळ्या लाइटनं बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते यकृताची वाट न बघता बाहेर पडू शकतं.

हे सापडलं कसं?

ही गोष्ट मला डीबगिंगसारखी वाटते. प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर त्याचे प्रयोग चालले होते. (कैद्यांवर असे प्रयोग करणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्तच आहे.) काही जणांचं रक्त या औषधानं फुटायचं. दोष औषधात, शरीरात की पेशीत? संशोधकांनी त्रास होणाऱ्या माणसाच्या लाल पेशींना रेडिओअॅक्टिव्ह क्रोमियमची खूण लावली आणि त्या निरोगी माणसाला दिल्या. मग त्याला प्रायमाक्विन दिलं. फुटल्या त्या फक्त बाहेरून आलेल्या पेशी. म्हणजे दोष पेशीतच! १९५६ मध्ये नेमकं एन्झाइम सापडलं: जी-सिक्स-पीडी.

आणखी एक गंमत त्यांना दिसली. औषध चालू ठेवलं तरी काही दिवसांनी रक्त फुटणं कमी व्हायचं. कारण आधी म्हाताऱ्या पेशी जातात, त्यांच्यातली शिदोरी संपत आलेली असते. उरतात त्या तरुण पेशी, त्यांच्यात एन्झाइम जरा जास्त.

याचा आम्हाला थेट अनुभव आला. भाच्याचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला! आम्ही खूश. डॉक्टर म्हणाले, "थांबा. कमकुवत पेशी फुटून गेल्यात, आपण उरलेल्या मोजल्या. तीन महिन्यांनी परत करू." तीन महिन्यांनी एन्झाइम कमी निघालं.

तुम्ही काय करायचं?

याचं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं. मुलाला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून, म्हणून त्रास मुलांमध्ये जास्त दिसतो. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता आहे असा अंदाज आहे. जिथे मलेरिया फार होता तिथे ती जास्त आढळते. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत तिचं प्रमाण जास्त आहे.

तर, बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळ्या नकोत, कुणाच्याच घरी. नवजात बाळ पिवळं दिसलं तर "ऊन दाखवू, उतरेल" म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. कमतरता निघाली तर रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला सांगा, कारण प्रायमाक्विन, डॅप्सोन अशी काही औषधं टाळावी लागतात. पण चालू औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.

भाचा आता दोन वर्षांचा आहे, घरभर पळतो. मी आईला पेपर नॅपकिनवर ते दोन रस्ते काढून दाखवले होते. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हे त्याच्यात आधीपासूनच होतं?" म्हटलं, हो, जन्मापासून. तुला कसं कळणार होतं? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पेटी धुऊन उन्हात ठेवलेली दिसली, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला.

भेटू पुढच्या भागात. तोवर माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा.